पाहुणा की भाडेकरू

सातवीण फुलली की माझा फोन वाजतो. यंदाही वाजला. पलीकडून "हॅलो" नाही, "कशी आहेस" नाही, "ओळखलंस का" तर नाहीच नाही. थेट प्रश्न.

"डोळे खाजतायत का?"

"खाजतायत, काकू."

"अंग मोडून आलंय? ताप?"

"नाही."

"घसा?"

"नुसत्या गुदगुल्या होतात आतून. दुखत नाही."

"मग रडतेस कशाला? खिडकी लाव आणि कामाला लाग."

आणि फोन बंद. मी रडत नव्हते. पण काकूंपुढे असल्या बारीकसारीक गोष्टी सिद्ध करत बसायच्या नसतात, एवढं मी त्यांच्या घरात राहून शिकले आहे.

काकू म्हणजे माझ्या सदाशिव पेठेतल्या घरमालकीणबाई. मी यवतमाळकडची. पुण्याला शिकायला जाते म्हटल्यावर बाबांनी एकच अट घातली होती: खोली घरगुती पाहिजे आणि मालक डोक्यावर पाहिजेत. तसं घर मिळालं तर पुणं, नाही तर आपलं गावचं कॉलेज काय वाईट आहे बाप्पा? ओळखीतून हा पत्ता मिळाला आणि आम्ही दोघं बापलेक बोळ शोधत शोधत फाटकापाशी येऊन उभे राहिलो. फाटकावर पाटी होती: "बेल वाजवण्यापूर्वी नाक पुसावे. पुसावे लागल्यास बेल वाजवू नये."

बाबांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. खिशातून रुमाल काढला आणि घाबरून परत खिशात ठेवला.

दार उघडलं तर समोर ठेंगण्या, काटक काकू. साडीवरून पुरुषी हाफ स्वेटर, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला नाडीने बांधलेला छोटा टॉर्च. टॉर्च अंधारात लावतात असा माझा समज होता. काकूंनी तो भर दुपारी बाबांच्या तोंडावर लावला.

"आ करा."

"मी? पण खोली हिला पाहिजे हो."

"राहणार ती, आत येणार दोघं. आ करा."

आमच्या गावात बाबा हेडमास्तर. त्यांच्यापुढे भलेभले मान वर करत नाहीत. ते बाबा त्या पायरीवर आ वासून उभे राहिले. काकूंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि टॉर्च विझवला.

"घसा स्वच्छ आहे. तंबाखू सोडा. या."

चहाच्या वेळी कारण कळलं. आतल्या खोलीच्या दाराकडे हात करून काकू म्हणाल्या, "ह्यांच्या पोटात माझी किडनी आहे." आमची एक ट्रंक त्यांच्याकडे ठेवलीय, इतक्या सहज सुरात. काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा काकूंनी आपली एक काढून दिली होती. आता शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी काकांना जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्या अशा की माणसाची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. तुमची-माझी साधी सर्दी काकांना थेट दवाखान्यात नेऊ शकत होती. "माझी वस्तू आहे," काकू म्हणाल्या. "कोणाच्या तरी शेंबडापायी मी ती वाया जाऊ देणार नाही."

आतून काकांचा आवाज आला, "उभ्या जन्मात हिचं माझ्याशी पटलं नाही. किडनीचं मात्र लगेच पटलं. ती जास्त समजूतदार निघाली."

"तिला तुमच्याशी बोलावं लागत नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बाबांना दुसरा चहा दिला.

अशी मी त्या घरात आले. खाली काका-काकू, हॉलमधून वर जाणारा जिना, वर दोन खोल्या. रस्त्याच्या बाजूची माझी, मागची पाहुण्यांसाठी. त्यावर गच्ची. पुढे टीचभर बाग, आणि फाटकाबाहेर एक भलंमोठं सातविणीचं झाड, ज्याच्या फांद्या थेट गच्चीच्या कठड्यावर टेकलेल्या.

काकूंची उभी नोकरी टपाल खात्यात गेली, पत्रं गावागावांच्या खणांत टाकण्यात. निवृत्त झाल्या तरी हात थांबले नव्हते. स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यात जिऱ्याचा एक दाणा सापडला तरी त्या तो उचलून त्याच्या घरी पोचवायच्या. "चुकीच्या खणात पडलेलं पत्र भलत्या गावी जातं," त्या म्हणायच्या. "माणसांचंही तेच. नाक वाहिलं की टाक सर्दीच्या खणात! अरे, आधी बघा तरी पत्ता काय लिहिलाय."

त्यांचे खण दोनच होते: पाहुणा आणि भाडेकरू.

"सर्दी म्हणजे पाहुणा," काकू भाजी निवडता निवडता शिकवायच्या. "आला की घर डोक्यावर घेतो. घसा दुखवतो, अंग मोडतो, जमलं तर ताप आणतो. पण आठवडा-दहा दिवसांत पिशवी उचलून निघतो. ॲलर्जी म्हणजे भाडेकरू. ताप नाही, अंगदुखी नाही, आरडाओरडा नाही. डोळे खाजवतो, नाकातून पाणी काढतो, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लावतो. पण हंगाम संपेपर्यंत जागचा हलत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा दारात उभा."

हे सगळं माझ्यासमोर, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाडेकरूसमोर.

"आणि एक लक्षात ठेव. पाहुणा ह्या घरातून त्या घरात जातो. एकाचा भाडेकरू दुसऱ्याच्या घरी राहायला जात नाही. म्हणून मला भाडेकरू चालतात."

या बाबतीत काकूंचा न्याय रामशास्त्री बाण्याचा. सत्यनारायणाला आलेले गुरुजी ऐन कथेत शिंकायला लागले. काकूंनी कथा थांबवली, गुरुजींना आ करायला लावलं, डोळे तपासले आणि निकाल दिला, "उदबत्तीचा धूर सोसत नाही तुम्हाला. उदबत्ती बाहेर, गुरुजी आत. चालू द्या." पण त्यांचा सख्खा भाचा सूटबूट घालून स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला आणि फाटकापाशी खोकला, तर त्याला आतच घेतला नाही. "पत्रिका फाटकाला अडकव, आशीर्वाद इथूनच घे, आणि घरी जाऊन झोप. नवरदेवाला ताप शोभत नाही." पोरगा तणतणत गेला. दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणला, तेव्हा त्याच्या आईने फोन करून काकूंची माफी मागितली.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मी पण म्हणायचे, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्यात एक गोष्ट होती जी विक्षिप्त माणसांत सहसा नसते. "मला माहीत नाही" हे त्या बिनधास्त म्हणायच्या. "पहिल्या दिवशी ब्रह्मदेवालाही कळत नाही. पाणी दोन्हींत वाहतं. थांबायचं, बघायचं. आणि ह्यांच्या बाबतीत तर मी नुसतं ओळखते. ठरवायचं डॉक्टरांनी." काकांना जरा कणकण वाटली की सगळ्यात आधी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन जायचा, टॉर्च नंतर.

पहिल्या वर्षी सातवीण फुलली तेव्हा माझं नाक नुसतं हुळहुळलं. दुसऱ्या वर्षी मात्र दसरा झाला, त्या झाडावर हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छच्या गुच्छ लागले, संध्याकाळी सगळा बोळ घमघमायला लागला, आणि माझ्या नाकाला गळती लागली. सकाळी डोळे उघडायच्या आधी शिंका सुरू. माय वं, बरगड्या दुखायच्या शिंकून शिंकून!

काकू जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. "आज काही सांगता येत नाही. निकाल लागेपर्यंत तू तळ्यात-मळ्यात."

तळ्यात-मळ्यातचे नियम कडक होते. मी जिन्याच्या वर, ते दोघं खाली. माझा चहा आणि जेवण मधल्या पायरीवर. काकू ताटली ठेवायच्या, झाकण वाजवायच्या आणि निघून जायच्या. कॉलेजला निघताना मास्क लावायचा; काकू आधी काकांच्या खोलीचं दार ओढून घेणार, मग मला हाक मारणार. आणि गादी, उशी, चादर रोज सकाळी गच्चीवर उन्हात. "ऊन लागू दे. उन्हापुढे काही टिकत नाही." मग काय, रोज सकाळी खांद्यावर गादी घेऊन गच्चीवर, आणि संध्याकाळी झाड घमघमायला लागलं की तीच गादी घेऊन खाली.

काकांना माझी दया यायची. ते खालून शब्दकोडं ओरडायचे आणि मी वरून उत्तरं ओरडायचे. "उभा शब्द, चार अक्षरी, घरात कोंडलेला माणूस!" असं काका एकदा ओरडले. पेपरात तसं काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

आठवडा गेला. दहा दिवस गेले. पाहुणा उठायची वेळ टळून गेली आणि माझ्या शिंका तिथेच. काकूंनी मधल्या पायरीपर्यंत येऊन टॉर्च मारला. "घसा साफ. डोळे टोमॅटो. ताप एकदाही नाही. कॉलेजात बरं वाटतं म्हणतेस, सकाळी अंथरुणात वाईट. उद्याचा दिवस बघते आणि तुला भाडेकरू म्हणून जाहीर करते."

तो उद्याचा दिवस उगवला आणि सगळं फिसकटलं.

दिवाळी तोंडावर होती. काकांची धाकटी बहीण, काकूंच्या वन्सं, फराळाला मदत म्हणून खडकीहून येऊन राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा तिथल्या कारखान्यात, घर क्वार्टर्समध्ये. आल्या त्या दिवशी रीतसर टॉर्चखालून गेल्या होत्या आणि पास झाल्या होत्या. पाहुण्यांची खोली वर माझ्या शेजारी, म्हणून काकूंनी त्यांची गादी खाली स्वयंपाकघरात घातली होती. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण मी त्या घरात असणं त्यांना पहिल्यापासून खुपायचं. "आजारी माणसाच्या डोक्यावर परकी पोरगी कशाला?" असं त्या जिन्यापर्यंत ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या.

आदल्या दिवशी घराची साफसफाई झाली होती. काकूंच्या हुकमाने सगळ्या घरच्या गाद्या-उशा गच्चीवर गेल्या आणि संध्याकाळी खाली आल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालून एक शिंक ऐकू आली.

ती काकांची होती.

काकू चकल्या पाडत होत्या. सोऱ्या हातात तसाच. पुन्हा एक शिंक. मग लागोपाठ. मी जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन उभी राहिले.

वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गळ्याला शाल, हातात गरम पाण्याचा पेला. भाजणीच्या खकाण्याने घसा धरलाय, असं त्या सकाळपासून सांगत होत्या. "बघा! मी म्हणत नव्हते? वरच्या पोरीची लागली दादाला!"

"ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नसते, वन्सं."

"तेच म्हणतेय मी! लागत नसते ना? मग दादाला कशी लागली? लागली, म्हणजे ती ॲलर्जी नव्हतीच. साधी सर्दी होती. आणि तुम्ही तिला इतके दिवस घरात ठेवून घेतलीत, वहिनी."

आता याला काय बोलणार? बिनतोड होतं. काकूंच्याच नियमाने काकूंना पकडलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बॅग भर," त्या म्हणाल्या.

मला रडू कोसळलं. परीक्षा तोंडावर, एवढ्यात दुसरी खोली मिळायची नाही, बाबा येऊन गावी घेऊन जाणार, हे सगळं मागाहून सुचलं. त्या क्षणी एकच वाटत होतं, की आपण काकांचा घात केला. ज्या माणसाने मला वरच्या मजल्यावर एकटं वाटू नये म्हणून घसा ताणून शब्दकोडी सोडवली, त्याच्या पोटातली ती किडनी माझ्यामुळे जाणार. मी कपडे घड्या न घालता बॅगेत कोंबत होते आणि शिंकत होते आणि रडत होते, आणि नाकातलं पाणी कशाचं ते मलाही कळत नव्हतं.

खाली काकूंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लगेच नारायण पेठेतल्या दवाखान्यात घेऊन या. इकडे वन्संनी माझ्यासाठी रिक्षा बोलावून फाटकापाशी उभी केली. "हिला आधी रवाना करा. मग दादाचं बघू."

मी मास्क लावून, बॅग घेऊन जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले, कारण हॉलमध्ये काका बसले होते. कपडे करून, आरामखुर्चीत, शांत. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मला अजूनच भरून आलं.

आणि काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"का हो, शिंकत का नाही तुम्ही?"

"येत नाहीये."

"इतका वेळ?"

"तुझ्या धाकाने असेल."

"थट्टा पुरे. आत जाऊन मोजे घाला."

काका आत गेले, पलंगावर बसले, आणि आतून शिंकांची फैर झडली. बाहेर येऊन खुर्चीत बसले. शिंका बंद.

काकूंच्या कपाळावरची आठी हलली. "परत आत जा."

"अगं, मोजे घातले की."

"जा म्हणते ना. पलंगावर आडवे व्हा."

आत शिंका. "उठा. बाहेर या." बाहेर काही नाही. "आत जा." शिंका. वन्सं कपाळाला हात लावून ओरडल्या, "अहो वहिनी, आजारी माणसाची कवायत काय घेताय!" पण काकूंना ऐकू येत नव्हतं. त्या आत घुसल्या, काकांच्या पलंगावरची उशी उचलली, हुंगली, आणि ती उशी छातीशी धरून थेट माझ्याकडे आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्या हाताच्या अंतरावर उभ्या होत्या.

"मास्क काढ. हुंग."

"काकू..."

"हुंग!"

मी हुंगलं. सातवीण! गच्चीवर यायचा तोच जड, गोड वास. आणि मग मी जी शिंकायला लागले ती थांबेचना. काकूंनी उशी माझ्या हातात कोंबली, मला बाजूला सारून जिना चढल्या, गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे, आणि गच्चीवरून त्यांचा आवाज सगळ्या बोळात घुमला.

"सापडला!"

खाली आल्या तेव्हा एका हातात फुलांचा गुच्छ होता, आणि दुसरा तळहात त्यांनी आमच्यासमोर धरला. कठड्यावरून फिरवलेला तो हात पिवळट भुकटीने माखला होता.

"वन्सं, हिची ह्यांना लागलेली नाही. दोघांना एकाच ठिकाणाहून लागलंय. त्या झाडाखाली हिची गादी रोज पडायची, म्हणून ही रोज शिंकते. ह्यांची गादी काल पहिल्यांदा पडली, म्हणून हे आज पहिल्यांदा शिंकले. मी ह्या पोरीला पंधरवडाभर परागात झोपवलं आणि विचारत बसले, का गं शिंकतेस?" आणि मग कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून, "गाद्या वर टाकायचा हुकूम कोणाचा? माझा. चूक कोणाची? माझी. आणि शोधून कोणी काढली? तीही मीच!"

स्वतःची चूक इतक्या दिमाखात सांगणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. काका टाळ्या वाजवायला लागले.

"आता डॉक्टर काय म्हणतात ते बघू," काकू म्हणाल्या. "मी नुसतं ओळखलंय, ठरवलेलं नाही. चला हो. आणि तू, बॅगेला हात लावू नकोस. तिथेच पायरीवर बस."

माझ्यासाठी आलेल्या रिक्षात काका-काकू बसून गेले. मी पायरीवर, बॅग वाटेत, वन्सं समोरच्या खुर्चीत. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत होते. मधूनमधून वन्सं खोकायच्या, गरम पाणी प्यायच्या आणि शाल आवळून घ्यायच्या. मला ते तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

रिक्षा परत आली. काकू आधी उतरल्या, आणि फाटकातूनच मला ओरडून सांगितलं, "ताप नाही! छाती साफ! घसा साफ! ॲलर्जीच!" डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती गादी-उशी आधी बाहेर काढा, दोन दिवस ताप बघत राहा, काही वाटलं तर लगेच फोन करा. मी तिथेच पायरीवर गुडघ्यांत तोंड घालून पुन्हा रडले. या वेळी चांगलं रडले.

वन्सं दारात आल्या. "बरं झालं बाई. देव पावला," असं त्या म्हणाल्या, पण आवाज पार बसलेला, घोगरा.

काकू दोन पायऱ्या चढून थांबल्या. हात गळ्यातल्या टॉर्चकडे गेला.

"वन्सं, डोळे खाजतात का तुमचे?"

"माझे? नाही."

"घसा?"

"दुखतोय थोडा. भाजणीच्या खकाण्याने..."

"भाजणी परवा झाली. अंग?"

"ठणकतंय जरा. काल केवढ्या गाद्या उचलल्या..."

"आ करा."

"वहिनी, मी काय परकी आहे का?"

"आ करा, वन्सं."

वन्संनी आ केला. टॉर्चचा झोत आत गेला, मी उठून दारापाशी आले आणि मलासुद्धा दिसलं. घसा लालबुंद होता. काकूंनी हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली. मग वळून काकांकडे पाहिलं. ते अजून रिक्षातून उतरत होते. "तिथेच थांबा! पुढे येऊ नका!"

"काय झालं?" काका एक पाय खाली ठेवून तसेच थांबले.

"पाहुणा आलाय," काकू म्हणाल्या.

रिक्षावाला सगळं ऐकत होता. आता म्हणाला, "बाई, नक्की जायचंय कोणाला, एकदा ठरवा."

"आमच्या वन्संना. खडकीला."

वन्संनी खूप आरडाओरडा केला. माहेरच्या उंबऱ्यावरून, ऐन दिवाळीत, सख्ख्या भावाला न ओवाळता! पण काकू आत जाऊन त्यांची पिशवी भरून आल्या होत्या, वर फराळाचा भरगच्च डबा आणि सुंठीची पुडी. काकांना त्यांनी बागेच्या कोपऱ्यात उभं केलं आणि मगच वन्संना फाटकाबाहेर आणलं. माझी बॅग अजून पायरीवर होती. तिच्या शेजारून वन्संची पिशवी बाहेर गेली.

"रागावू नका," काकू रिक्षाच्या दांड्याला धरून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "वाफ घ्या, झोप काढा, ताप चढला तर डॉक्टर. भाऊबीज काही पळून जात नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत ओवाळता येतं. बऱ्या होऊन या, मी पुरणपोळी करते."

आल्याही तशा. सडकून ताप येऊन गेला होता त्यांना. भाऊबीज झाली, पुरणपोळी झाली, आणि मला म्हणाल्या, "तुला उगीच बोलले गं." काकांना त्यांची सर्दी लागली नव्हती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी रिक्षा बोळातून वळली, आणि काकू माझ्याकडे वळल्या.

"ही बॅग वाटेत कोणी ठेवली?"

"काकू, तुम्हीच म्हणालात..."

"वर ने. मागच्या खोलीत. पाहुण्यांची खोली आजपासून तुझी, तिची खिडकी झाडाकडे नाही. वन्सं उतरतील तुझ्या जुन्या खोलीत, त्यांना काही ती फुलं बाधत नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे न बघता पदराने टॉर्चची काच पुसली. "आणि जेवायला खाली ये. मधल्या पायरीवर ताटल्या ठेवून माझे गुडघे गेले."

मी बॅग उचलली. तेवढ्यात बागेच्या कोपऱ्यातून, त्या फुलांनी लगडलेल्या झाडाखालून, काकांचा केविलवाणा आवाज आला. नाक चिमटीत धरून उभे होते.

"अगं, येतेय. शिंकू का?"

सगळ्या जन्माचा हिशेब चुकता झाल्यासारख्या काकू हसल्या. "शिंका! खुशाल शिंका!"

आणि काका शिंकले. बायकोच्या धास्तीने दाबून ठेवलेली ती शिंक अशी सुटली की समोरच्या गॅलरीतल्या बाईंच्या हातातली आकाशकंदिलाची वायर खाली पडली. त्या घाबरून कठड्यावर वाकल्या.

"अहो काकू! काकांना सर्दी झाली की काय?"

काकूंनी पदर खोचला, मान वर केली, आणि पोरगं बोर्डात पहिलं आल्याचं सांगावं तशा आवाजात सगळ्या बोळाला ऐकवलं.

"सर्दी नाही! ॲलर्जी! आणि किडनी ठणठणीत आहे माझी!"